घरी काम केल्यावर गाडी सुरू होईना? आधी आपल्याच हातांचा माग काढा

प्रश्न थोडक्यात असा. सुट्टीच्या दिवशी तुम्ही घरच्या घरी पेट्रोल गाडीचं काम काढलंत. बॅटरीची टर्मिनल्स साफ केलीत, चारही प्लग बदललेत, नवा एअर फिल्टर टाकलात आणि हातासरशी थ्रॉटल बॉडीही, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, स्प्रेने धुऊन घेतलीत. सगळं परत जोडून किल्ली फिरवली, तर सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. दोन-तीनदा क्षणभर भडकल्यासारखं झालं आणि लगेच बसलं. वीस-पंचवीस वेळा सेल्फ मारून झालाय, आता पेट्रोलचा वास येतोय आणि सेल्फही मंदावलाय. तुम्ही विचारताय, फ्युएल पंप गेला असेल का, नवा मागवू का?

नका मागवू. पंप कधी ना कधी जातो, पण तो नेमका तुम्ही बॉनेट उघडून बसलात त्याच दुपारी जावा, असं फार क्वचित घडतं. सकाळपर्यंत पहिल्या सेल्फला सुरू होणारी गाडी कामानंतर बंद पडली, तर दोष जवळपास नेहमी हात गेला होता तिथेच सापडतो. नाहीतर हात घालताना जिथे कोपर लागलं होतं तिथे. म्हणून केलेलं काम उलट्या क्रमाने तपासायचं. सगळ्यात शेवटी जोडलेलं सगळ्यात आधी.

त्याआधी सेल्फ मारणं थांबवा. एका दमात दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारायचा नाही, आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान मिनिटभर थांबायचं. सेल्फची मोटर छोट्या गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर करंट ओढते. ती सतत फिरायला बनवलेलीच नाही, आतली वायंडिंग तापते. शिवाय प्रत्येक प्रयत्नात इंजेक्टर पेट्रोल फवारत राहतात. ते जळलं नाही की प्लग भिजतात, सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन निघतं आणि उरलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातल्या धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात, जाऊन बसतं. मग गाडी अचानक सुरू झाली की ते तिथे पेटतं आणि कन्व्हर्टरच्या आतली जाळी वितळू शकते. चार प्लगच्या कामात कन्व्हर्टर घालवणारे लोक मी पाहिलेत.

सेल्फ मंदावलाय, म्हणजे आधी बॅटरी चार्जरवर लावा. मल्टिमीटर असेल तर तासभर पडून असलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ चालेल, १२ च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. चार्ज झाल्यावर एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने मीटर बघायचा. आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, पुरेशी वीज मिळत नाही. सेल्फ फिरतो, पण ठिणगी दुबळी पडते, इंजेक्टर अर्धवट उघडतात. अशा बॅटरीवर पुढची कुठलीही तपासणी केली तरी खोटी उत्तरं मिळतात.

आता तुमच्याच वर्णनाकडे वळतो, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे.

सेल्फ जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरीपासून सेल्फपर्यंतचा जाड रस्ता मोकळा होता. इंजिन क्षणभर भडकलं, म्हणजे ठिणगी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) निदान त्या क्षणी होतं. पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे पेट्रोलही पोचतंय. (थ्रॉटलचा स्प्रेसुद्धा भडकतो, त्यामुळे नुसत्या भडकण्यावरून पेट्रोल येतंय असं मी म्हणालो नसतो. पण वास पेट्रोलचाच असेल तर पंप निर्दोष सुटला.) आणखी एक गोष्ट. एखाद्या कॉइलचा (प्रत्येक प्लगवर बसणारा, ठिणगीची वीज बनवणारा भाग) कपलर, म्हणजे वायरीचा प्लास्टिकचा जोड, सुटला असता, तर चार सिलिंडरची गाडी तिनावर, मिसिंग मारत का होईना, सुरू झाली असती. अजिबात सुरू होत नाही, म्हणजे दोष चारही सिलिंडरना सामाईक असलेल्या गोष्टीत आहे. हवा, अर्थिंग, फ्यूज, किल्लीची ओळख, किंवा भिजलेले प्लग. शोध एवढ्यावर आला.

सर्वांत आधी हवेचा रस्ता बघा. फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंत जो काळा रबरी पाइप जातो, त्यावर बऱ्याच गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असतो. त्याच्या आत केसासारखी बारीक गरम तार असते आणि तिच्यावरून किती हवा गेली यावर ईसीयू पेट्रोलचं माप ठरवतो. आता पाइप थ्रॉटलच्या तोंडावर नीट चढला नसेल, किंवा त्याची क्लिप वरून घट्ट दिसत असली तरी खालची कड घड्या पडून उघडी राहिली असेल, तर इंजिन त्या फटीतून न मोजलेली हवा ओढतं. हवा जास्त, पेट्रोल कमी. क्षणभर पकडतं आणि बसतं. तुमचं वर्णन याच्याशी फार जुळतं. पाइपची खालची कड डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवून बघावी लागते. बोटाला पाइपच्या कडेऐवजी धातूची कड लागली की समजा सापडलं.

त्या सेन्सरचा कपलर परत लावलाय ना, तेही पाहा. फिल्टरचा डबा काढताना तो सोडावा लागतो आणि परत लावताना नेमका तोच राहून जातो. कपलर बसल्यावर टक् असा आवाज येतो. आला नसेल तर हलकेच मागे ओढून बघा. थ्रॉटलचा स्प्रे त्या तारेवर उडवला असेल तर मात्र अवघड आहे. त्या तारेसाठी वेगळा स्प्रे मिळतो, थ्रॉटलचा किंवा कार्बोरेटरचा तिथे चालत नाही. तशी शंका असेल तर सेन्सरचा कपलर मुद्दाम काढून सेल्फ मारून बघा. बऱ्याच गाड्यांत ईसीयू मग ठरावीक मापावर काम भागवतो. कपलर काढल्यावर गाडी सुरू झाली, तर दोषी तो सेन्सर. काही गाड्यांत असा सेन्सरच नसतो, इनटेक मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या, दाबावरून हिशेब होतो. अशा गाडीत सुटलेल्या पाइपमुळे गाडी सहसा बंद पडत नाही.

आणि पाइपच्या आत काही राहिलं नाही ना, हे बघा. हसू नका. मी शिकाऊ असताना थ्रॉटलच्या तोंडात नट पडू नये म्हणून फडकं कोंबून ठेवलं आणि त्याच्यावरूनच पाइप चढवला. नंतर दुपारभर मी प्लग काढतोय, घालतोय, कॉइल अदलाबदल करतोय. शेवटी वस्ताद आले, पाइप सोडला, दोन बोटांनी ते पिवळं फडकं बाहेर ओढलं, माझ्या खांद्यावर टाकलं आणि काही न बोलता चहा प्यायला गेले. नव्या फिल्टरवरची प्लास्टिकची पिशवी न काढता तो तसाच डब्यात बसवलेला मी दोनदा पाहिलाय. फिल्टर स्वतः उलटा किंवा तिरका बसला तर गाडी सुरू होते, फक्त धूळ आत जाते. तो आजचा गुन्हेगार नव्हे.

मग प्लग आणि कॉइल. चारही कॉइल काढून प्लग बाहेर घ्या आणि कोणता प्लग कुठला हे लक्षात ठेवून ओळीत मांडा. चारही ओले आणि पेट्रोलचा वास असेल, तर पेट्रोल येतंय पण जळत नाहीये. चारही कोरडे ठणठणीत असतील तरच पंपाकडे वळायचं. एखाद्याचा पांढरा चिनी मातीचा भाग तडकलाय का, नखाने चाचपून पाहा. पाना तिरका पडला की तो तडकतो, आणि ठिणगी टोकावर न पडता त्या तड्यातून बाजूला पळते. प्लग हातातून जमिनीवर पडला होता का, हे मनाशी प्रामाणिकपणे आठवा. पडला असेल तर त्याची गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, बंद झालेली असू शकते. बहुतेक गाड्यांत गॅप ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. फिलर गेजने, म्हणजे जाडी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोजा. इरिडियमचे प्लग असतील तर मधलं बारीक टोक चेपायचं नाही, ते मोडतं.

बसवताना प्लग आधी नुसत्या बोटांनी, रबरी नळीच्या तुकड्यात धरून फिरवा. आटे बरोबर लागले असतील तर तो लोण्यासारखा आत जातो. अडला तर परत काढा, जोर लावू नका, कारण इंजिनचं हेड, म्हणजे प्लग बसतात तो वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं आणि आटे गेले की काम फार वाढतं. १४ मिलिमीटर आट्यांचा, वॉशरवाला नवा प्लग असेल तर तो टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश वळसा. टॉर्क रेंच असेल तर साधारण २५ न्यूटन-मीटर. वॉशर नसलेला, निमुळत्या बैठकीचा प्लग टेकल्यावर वळशाचा जेमतेम पंधरावा-सोळावा भाग फिरवायचा असतो. इथे बरेच जण पहिल्या प्रकाराइतकाच आवळून बसतात.

आता अशी एक जागा जी घरी काम करणाऱ्याच्या हमखास नजरेतून सुटते. कॉइल काढताना वायरिंगचा जुडगा बाजूला करावा लागतो, आणि त्यासाठी हेडवरचा एखादा छोटा दहाचा बोल्ट काढावा लागतो. त्या बोल्टखाली बऱ्याचदा गोल कडी असलेली वायर असते. ती कॉइलची अर्थिंग. बोल्ट परत लावला आणि कडी बाहेर राहिली, किंवा तो बोल्टच ट्रेमध्ये उरला, की चारही कॉइल एकदम निकामी. तुमच्या ट्रेमध्ये एखादा बोल्ट उरलाय का? उरला असेल तर तो कुठला हे कळेपर्यंत सेल्फ मारू नका. कॉइलचा फ्यूजही बघून घ्या. बॅटरी जोडलेली असताना कॉइलचे कपलर काढले-लावले असतील किंवा पाना कुठे चिकटला असेल, तर तो उडालेला असू शकतो.

जुन्या गाडीत चार वेगळ्या प्लग-वायरी असतील तर गोष्ट वेगळी. तिथे दोन वायरींची अदलाबदल होते, आणि मग गाडी फट्-फट् आवाज करत इनटेकमधून उलटा भडका मारते. बहुतेक चार सिलिंडर इंजिनांचा क्रम १-३-४-२ असतो. वायर एकावेळी एकच काढायची हे जुन्या लोकांचं शहाणपण याचसाठी.

ठिणगी येते की नाही हे बघायला प्लग हातात धरून सेल्फ मारण्याची पद्धत मात्र कृपा करून वापरू नका. त्या कॉइलमधून वीस ते चाळीस हजार व्होल्ट निघतात आणि तुमच्या भोवती आत्ता पेट्रोलची वाफ आहे. ठिणगी तपासायचं छोटं टेस्टर मिळतं, ते वापरा, नाहीतर ही तपासणी सोडून द्या.

बॅटरीची टर्मिनल्स तुम्ही सर्वांत आधी केलीत, म्हणून ती शेवटी. सेल्फ फिरतोय तेव्हा जाड वायर ठीक. पण क्लॅम्पच्या बाजूने एक-दोन बारीक वायरी निघतात, त्यांच्या कड्या क्लॅम्पच्याच नटाखाली असतात. त्यातली एखादी ईसीयूची असू शकते. ती खाली लोंबत राहिली, तर लाइट लागतात, सेल्फ फिरतो, पण इंजिनला मेंदूच नसतो. क्लॅम्प हाताने पिळून बघा. जरासुद्धा हलला तर ढिला आहे. साफ करून आधी ग्रीस फासलं आणि मग क्लॅम्प बसवला असेल तर काढा, पुसा, कोरडा धातू धातूवर बसवा, ग्रीस नंतर वरून. ज्यांचा सेल्फ नुसता टक् करतो आणि डॅशचे दिवे मंद होतात, त्यांचा दोष बहुतेक वेळा याच क्लॅम्पमध्ये असतो. दिव्यांना दोन-चार अँपिअर पुरतात, ते अर्धवट संपर्कातूनही जातात. सेल्फचे शंभर-दीडशे जात नाहीत. लोक मात्र दिवे लागतात म्हणून बॅटरीला निर्दोष सोडतात.

बॅटरी काढली होती म्हणून किल्लीच्या खुणेचा किंवा कुलपाचा दिवाही पाहा. किल्ली ऑन केल्यावर तो काही सेकंदांत विझायला हवा. भराभर लुकलुकत राहिला तर इमोबिलायझरने, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने, किल्ली ओळखलेली नाही. काही गाड्या अशा वेळी सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडतात, अगदी तुमच्यासारख्याच. दुसरी किल्ली वापरून बघा.

सगळं जागेवर असेल, तर उरतात भिजलेले प्लग. प्लग पुसून, वाळवून परत बसवा. घाई नसेल तर तासभर बॉनेट उघडं ठेवा, थ्रॉटलमागे साचलेला स्प्रेही उडून जाईल. मग गाडी न्यूट्रलमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर पीमध्ये, हँडब्रेक ओढलेला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत या स्थितीत ईसीयू पेट्रोल बंद करतो आणि नुसती हवा आत जाते. अशात इंजिन पकडलं तर पाय ताबडतोब उचला. नाही पकडलं तर मिनिटभर थांबून, पाय पूर्ण काढून, नेहमीसारखा सेल्फ मारा. ॲक्सिलरेटर सतत पंप करण्याची कार्बोरेटरच्या काळातली सवय इथे कामाची नाही.

सुरू झाल्यावर इंजिन चढून चालेल किंवा पाय काढताच बंद पडेल. घाबरू नका. थ्रॉटलच्या पाकळीभोवतीचा कार्बन गेला, आणि बॅटरी काढल्याने ईसीयू जुना हिशेब विसरला. त्याला फट किती उघडायची हे नव्याने शिकावं लागतं. हलका पाय ठेवून गरम होऊ द्या, मग एसी, दिवे बंद ठेवून दहा मिनिटं आयडलवर चालू द्या. तरी नीट बसलं नाही, तर त्या मॉडेलची शिकवण्याची ठरलेली पद्धत असते, ती पुस्तकात असते किंवा स्कॅनरने करावी लागते. थ्रॉटलची पाकळी मोटरवर चालणारी असेल आणि किल्ली ऑन असताना तुम्ही ती बोटाने ढकलली असेल, तर आतले प्लास्टिकचे दाते बघावे लागतील. पुढच्या वेळी किल्ली काढूनच हात घाला.

पंपाची शंका मनातून जात नसेल तर खिडक्या बंद करून, रेडिओ बंद करून किल्ली नुसती ऑन करा. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घूं ऐकू येईल. आली की पंप फिरतोय.

असाच प्रश्न वेगळ्या कामानंतर पडलेल्यांसाठी थोडंसं. ऑइल बदलल्यावर गाडी सुरू होत नसेल तर फिल्टरजवळून जाणारी क्रँक सेन्सरची (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा सेन्सर) वायर बघा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नसेल, किंवा ओबीडी रीडरवर, म्हणजे ईसीयूमधले दोषाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, पी ०३३५ आला, तर शंका पक्की. डिझेल फिल्टर बदलल्यावर बंद, म्हणजे लाइनीत एअर आहे. फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा, किंवा हातपंप नसेल तर किल्ली पाच-सहा वेळा ऑन-ऑफ करून मगच सेल्फ मारा. कॉमन रेल डिझेलमध्ये इंजेक्टरचे पाइप ढिले करून एअर काढू नका. तिथे हजार बारच्या वर दाब असतो आणि त्या दाबाची धार कातडी भेदून आत जाते. इंजिन धुतल्यावर बंद पडलेली गाडी बहुधा प्लगच्या खड्ड्यात पाणी साचल्याने बंद असते, कॉइल काढून हवा मारा. हायब्रिड गाडीत नारिंगी वायरीला हात लावायचा नाही, एवढंच सांगतो.

टायमिंग बेल्ट स्वतः बदललाय आणि त्यानंतर सेल्फ नेहमीपेक्षा हलका, एकसुरी, बिनठोक्याचा फिरतोय? तिथे एकही सेल्फ जास्त मारू नका. बेल्टच्या चाकांवरच्या जुळवायच्या खुणा चुकल्या असतील तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. कव्हर उघडून क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा आणि खुणा जुळतात का पाहा.

हे सगळं करूनही जमलं नाही, तर मेकॅनिकला बोलवा आणि त्याला सांगा: काय काय उघडलं, कोणत्या क्रमाने, काय तपासून झालं, रीडरवर कोणता कोड आला, ट्रेमध्ये काय उरलं. त्याचे निदान दोन तास वाचतात. माझ्याकडे गाडी टो करून आणणारे निम्मे लोक म्हणतात, “काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडली.” आणि मागच्या सीटवर नव्या प्लगची चार रिकामी खोकी पडलेली असतात.